'नॉन-डेअरी' लिहिलेलं कॉफी क्रीमर व्हीगन पाहुण्यांना चालतं का?

ओटीवरून (गुहागर)

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. स्वयंपाकघर मी आणि माझ्या जाऊबाई बघतो. गेल्या आठवड्यात पुण्याचं एक जोडपं येऊन गेलं. येण्याआधीच ताईंनी फोनवर सांगितलं होतं, "आम्ही दोघंही व्हीगन आहोत. दूध, दही, तूप, मध, काहीच घेत नाही. बाकी तुमचं जे रोजचं असेल ते वाढा." जेवणाची काळजी नव्हतीच. डाळिंब्यांची उसळ, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी. भातावर तूप घालायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

अडकलं ते कॉफीशी. सकाळी त्यांना कॉफी लागते आणि काळी जात नाही. मी चिपळूणला गेले होते तेव्हा तिथल्या एका मोठ्या दुकानातून क्रीमरची बरणी आणली. वर ठळक अक्षरांत 'नॉन-डेअरी', बाजूला हिरवा ठिपका. मला तेवढं पुरलं. दोन दिवस दोघांनी तीच कॉफी घेतली, आवडलीही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई ओट्यापाशी उभ्या राहून माझ्याशी बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी बरणी हातात घेतली, मागची बाजू वाचली आणि एकदम थांबल्या. मागे बारीक अक्षरांत 'सोडियम केसिनेट' होतं आणि शेवटच्या ओळीत 'कंटेन्स मिल्क'.

त्या एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. "तुमची चूक नाही हो, पुष्कळदा असं होतं," एवढंच म्हणाल्या. पण नऊ वर्षं ज्यांनी दुधाला हात लावला नव्हता, त्यांच्या पोटात ते माझ्या हातून गेलं. दोन रात्री मला नीट झोप नाही.

म्हणून विचारते. हे केसिनेट नेमकं काय असतं? दूध आहे तर 'नॉन-डेअरी' कसं लिहितात? आणि बाजारात मिळणारं एखादं क्रीमर खरोखर चालणारं असतं का, की घरीच काही करावं? पुढच्या महिन्यात आणखी एक व्हीगन कुटुंब येतंय. या वेळी चूक नको.

---

हिरवी_वाट (रत्नागिरी)

ताई, मी आठ वर्षं व्हीगन आहे. आधी एक सांगते, तुम्ही स्वतः होऊन हे इथे लिहिलंत याचं मला फार मोल वाटतं. पाहुणा विचारेल तेव्हा बघू, असं म्हणणारेच जास्त भेटतात.

केसिनेट असलेलं क्रीमर व्हीगन नाही. यात दुमत नाही.

हिरव्या ठिपक्याबद्दल सगळ्यांनीच लक्षात ठेवा. तो ठिपका शाकाहाराचा. आपल्या कायद्यात मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण, लाख हे वगळलेले आहेत. म्हणजे यातलं काहीही असलं तरी हिरवा ठिपका मिळतो. पनीरच्या पाकिटावर तोच ठिपका असतो, तुपाच्या डब्यावरही तोच. व्हीगनसाठी वेगळं चिन्ह आहे. हिरव्या चौकटीत इंग्रजी 'व्ही' अक्षर, त्याला पान, खाली 'व्हीगन'. त्याचे नियम एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२२ साली आणले. त्यात पदार्थच नाही, तर तो करताना वापरलेली मदतीची द्रव्यंसुद्धा प्राण्यापासूनची चालत नाहीत. ते चिन्ह दिसलं तर निर्धास्त घ्या. ते नसेल तर मागची यादी वाचण्याला पर्याय नाही.

आणि 'डेअरी व्हाइटनर' म्हणून जे मिळतं, अमूल्या, एव्हरीडे वगैरे, ते तर सरळ दुधाचंच. त्यावर तसं लिहिलेलंही असतं, म्हणून त्याने फसायला होत नाही. फसवतं ते 'नॉन-डेअरी'.

---

अन्नतंत्र (चिपळूण)

मी अन्नप्रक्रिया क्षेत्रात नोकरी करतो. केसिनेटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण एकदा कळलं की पुन्हा कधी गोंधळ होत नाही.

घरी पनीर करताना गरम दुधात लिंबू पिळतो. दूध फाटतं, खाली चोथा बसतो, वर हिरवट पाणी राहतं. त्या चोथ्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसिन. गायीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिनच असतं. कारखान्यात आधी दुधातली साय काढून घेतात आणि उरलेल्या दुधात आम्ल घालतात. आम्लता ४.६ पीएचच्या आसपास आली की केसिन खाली बसतं. ते धुतात. पण नुसतं केसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून त्याचं विरघळणारं रूप करतात आणि वाळवून भुकटी करतात. हेच सोडियम केसिनेट. म्हणजे पनीरची भुकटी म्हटलं तरी फार चुकणार नाही.

आता क्रीमरमध्ये ते कशाला? क्रीमरच्या बरणीत बहुतेक भाग ग्लुकोज सिरपची भुकटी आणि वनस्पती तेल असतो. बऱ्याचदा ताडाच्या बियांचं, नाहीतर खोबऱ्याचं, घट्ट केलेलं तेल. तेल पाण्यात मिसळत नाही हे तर आपण रोज बघतो. केसिनेट तेलाच्या प्रत्येक बारीक थेंबाभोवती पापुद्र्यासारखं बसतं, म्हणून कॉफीत घातल्यावर तवंग येत नाही आणि पांढरा रंग येतो. लागतं फार थोडं, वजनात काही टक्केच. त्यामुळे यादीत ते खाली ढकललं जातं, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. सुरुवातीचे दोन-तीन घटक वाचून बरणी खाली ठेवणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

---

दर्यावर्दी (देवगड)

जहाजावर बावीस वर्षं काढली. आमच्या मेसमध्ये क्रीमरची भुकटी कायम असायची, कारण ती उघड्यावर महिनोन् महिने टिकते. म्हणून 'नॉन-डेअरी' या शब्दाचं कूळ थोडं माहीत आहे.

हा माल अमेरिकेत वाढला. कॉफी-मेट १९६१ साली कार्नेशन कंपनीने काढलं, पुढे १९८५ मध्ये नेस्लेने ती कंपनीच घेतली. त्या काळी 'नॉन-डेअरी' म्हणण्यामागे अर्थ एवढाच की यात साय किंवा प्रत्यक्ष दूध नाही. केसिनेटला तिथे दूध धरत नसत. आजही अमेरिकेत 'नॉन-डेअरी' लिहून आत केसिनेट घालायला मनाई नाही. अट एकच, घटकांच्या यादीत केसिनेटपुढे 'मिल्क डेरिव्हेटिव्ह', म्हणजे दुधापासून काढलेलं, असं लिहायचं. परदेशी बरण्यांवर दर्शनी भागावर एक आणि पाठीवर दुसरं दिसतं ते यामुळे.

आमच्या जहाजावर एक केरळी बोसन होता, त्याला दुधाची ॲलर्जी. त्याने मला पहिल्यांदा बरणी उलटी करून वाचायला शिकवलं.

---

पारिजात (दापोली)

दर्यावर्दी काकांनी ॲलर्जीचा विषय काढलाच आहे म्हणून लिहिते. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे. नातेवाइकांना समजावताना जीव मेटाकुटीला येतो, कारण लोक 'दूध पचत नाही' आणि 'दुधाची ॲलर्जी' एकच समजतात. दूध न पचणाऱ्याला त्रास होतो तो लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा. त्याला केसिनेटवालं क्रीमर बहुधा चालूनही जातं. माझ्या मुलाला त्याच क्रीमरने दवाखान्यात न्यावं लागेल. 'लॅक्टोज-फ्री' लिहिलेलं पाकीट म्हणूनच आमच्या उपयोगाचं नाही, आणि व्हीगन माणसाच्याही नाही.

ओटीवरून ताई, तुम्हाला एक सोपा रस्ता सांगते. सगळी यादी वाचायला वेळ नसेल तर यादी संपते तिथली ॲलर्जीची ओळ आधी शोधा. आपल्याकडे दूध, शेंगदाणा, सोया, गहू अशा ठरावीक गोष्टी असल्या तर ते वेगळं लिहावंच लागतं. 'कंटेन्स मिल्क' दिसलं की विषय संपला. 'मे कंटेन' असेल तर अर्थ वेगळा. त्याच कारखान्यात दुधाचाही माल होतो, अंश लागला असू शकतो, एवढाच तो इशारा. आम्ही त्यालाही हात लावत नाही.

---

हिरवी_वाट (रत्नागिरी)

पारिजात, अगदी बरोबर. 'मे कंटेन' असलेलं पुष्कळ व्हीगन लोक घेतात, कारण त्यात मुद्दाम दूध घातलेलं नसतं. पण ते पाहुण्याला विचारून, बरणी दाखवून. त्याच्या वतीने आपण ठरवायचं नाही.

---

माडाखाली (दिवेआगर)

मला हे सगळं वाचून प्रामाणिकपणे एक विचारायचं आहे, कोणी राग मानू नये. आमच्या गोठ्यात दोन कपिला आहेत, आपल्या कोकणातल्या, बुटक्या, काटक. वासरू पोटभर पितं, उरलेलं आम्ही काढतो. वडील अजून रोज त्यांच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय चहा घेत नाहीत. अशा घरच्या दुधालाही नाही म्हणायचं का? आणि चमचाभर भुकटीतल्या चिमूटभर केसिनेटने असं काय बिघडतं?

---

हिरवी_वाट (रत्नागिरी)

दादा, राग कशाला. तुमच्या वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं.

तुमच्या गोठ्यातली गाय आणि बरणीतलं केसिनेट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ती भुकटी कुठल्या देशातल्या, कुठल्या गोठ्यातल्या दुधाची, तिथे वासराचं काय होतं, हे बरणीवरून कोणालाच कळत नाही. मी व्हीगन झाले ते आमच्या शेजारच्या तबेल्यात नर वासरांचं काय होतं ते लहानपणापासून बघत आल्यामुळे. दुसऱ्या कोणाचं कारण वेगळं असेल. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये काढला गेला तोच मुळी दूध आणि अंडीही सोडणाऱ्या शाकाहाऱ्यांना स्वतःचं वेगळं नाव हवं होतं म्हणून. त्यामुळे 'चिमूटभर दूध चालवून घ्या' म्हणणं म्हणजे उपास असलेल्या माणसाला 'दोनच शितं खा' म्हणण्यासारखं आहे. शितं किती, हा प्रश्नच नसतो.

---

माडाखाली (दिवेआगर)

उपासाचं पटलं. आई एकादशीला खिचडीच्या भांड्यात चुकून भाताचा डाव गेला तर ती खिचडी दुसऱ्याला देते. तिला कोणी 'किती गेला' असं विचारत नाही.

---

सुरंगी (मालवण)

आमची खानावळ आसा. ह्यो धागो वाचून मी आमच्या मांडणीवरचे सगळे डबे उलटे करून बघितले आणि हातपाय गार पडले. माका वाटला होता की नारळाच्या दुधाची पावडर म्हणजे नुसतो नारळ!

मराठीत नीट लिहिते, सगळ्यांना कळायला हवं. सीझनला गर्दी झाली की रोज साठ-सत्तर नारळ खवणं होत नाही. तेव्हा सोलकढीत आम्ही नारळाच्या दुधाची पावडर मिसळतो. तिच्या यादीत नारळ, माल्टोडेक्स्ट्रिन आणि तिसरं नाव सोडियम केसिनेट. आजवर किती जणांना मी छातीठोकपणे सांगितलं असेल, की सोलकढीत दूध-ताक काही नसतं, निव्वळ नारळ आणि आमसूल.

---

अन्नतंत्र (चिपळूण)

सुरंगीताई, तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलंत. कोकणातल्या प्रत्येक खानावळीने हे वाचावं.

कारण तेच आहे. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर. गरम हवेत फवारून त्याची भुकटी करताना तेल सुटून गोळे होतात. ते होऊ नये म्हणून केसिनेटचा पापुद्रा देतात. बऱ्याच कंपन्या हेच करतात, सगळ्या नाही. केसिनेट न घालता केलेली पावडरही मिळते, पण शोधावी लागते. डबाबंद किंवा खोक्यातल्या पातळ नारळाच्या दुधात मात्र सहसा नारळ, पाणी आणि घट्ट ठेवणारा एखादा डिंक एवढंच असतं.

अजून एक. बदाम, ओट, सोया यांच्या पेयांना आपल्याकडे 'मिल्क' म्हणून विकायची परवानगी नाही, म्हणून खोक्यावर 'ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' असतं. 'कोकोनट मिल्क' या जुन्या रूढ नावाला त्यातून सूट आहे. त्यामुळे 'मिल्क' हा शब्द दिसला म्हणून घाबरू नका, आणि दिसला नाही म्हणून निश्चिंतही होऊ नका.

---

ओटीवरून (गुहागर)

सुरंगीताई, माझ्याही कपाटात तीच पावडर निघाली. बरं झालं, त्या पाहुण्यांना सोलकढी ताज्या नारळाची दिली होती.

अन्नतंत्र दादा, यादीतले आयएनएस आकडे, म्हणजे पदार्थात मिसळलेल्या द्रव्यांचे क्रमांक, कसे ओळखायचे? बरणीवर ४७१, ३४०, ५५१ असं बरंच काही आहे.

---

अन्नतंत्र (चिपळूण)

तुमच्या बरणीतले तिन्ही सांगतो. ३४० म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट, खनिज आहे. कॉफीच्या आंबटपणाने क्रीमर फुटू नये म्हणून घालतात. ५५१ सिलिकॉन डायऑक्साइड, भुकटीचे गोळे होऊ नयेत म्हणून. हेही खनिज. ४७१ हे स्निग्धांशापासून करतात. परदेशात ते प्राण्याच्या चरबीचंही असू शकतं, म्हणून तिकडचे व्हीगन लोक त्याला बिचकतात. आपल्याकडे चरबीचं असेल तर हिरवा ठिपका मिळणारच नाही, तपकिरी त्रिकोण येईल. इथे मात्र हिरवा ठिपका उपयोगी पडतो.

४८१ ला 'स्टिअरॉइल लॅक्टिलेट' म्हणतात. नावात 'लॅक्ट' असलं तरी दुधाशी संबंध नाही, त्यातलं लॅक्टिक आम्ल साखर आंबवून करतात. ४०७ समुद्रशेवाळापासूनचं. ओट-बदामाच्या परदेशी पेयांत 'व्हिटॅमिन डी ३' दिसलं तर चौकशी करा, ते बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढलेलं असतं. 'डी २' असेल तर चालेल.

दुधाची खरी नावं लक्षात ठेवायची ती ही: केसिन, केसिनेट, व्हे, लॅक्टोज, मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर. मशिनच्या कॉफीचं प्रीमिक्स आणि 'थ्री इन वन' पुड्या यांत यातलं काहीतरी जवळजवळ नेहमीच असतं.

---

काजूगर (वेंगुर्ला)

बरणीच्या मागे किती लागायचं? आपल्या दारात काजू आहे. आमचं छोटं काजू प्रक्रियेचं युनिट आहे, माल बहुतेक वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या काजूच्या जातींचा. घरात गेली पाच-सहा वर्षं कॉफीला काजूचंच दूध असतं, कारण बायकोला दूध सोसत नाही. अख्खा गर यासाठी फोडायचा नाही. तुकडा किंवा कणी मागा. चव तीच, भाव कमी.

अर्धी वाटी तुकडा चार तास पाण्यात भिजवायचा. घाई असेल तर कडकडीत पाण्यात एक तास. ते पाणी टाकून द्या. दीड वाटी ताजं पाणी आणि मिठाचे दोन कण घालून मिक्सरमध्ये चांगली दोन मिनिटं फिरवा, बोटाला रवाळ लागेनासं होईपर्यंत. गाळायची गरज नाही. मग मंद आचेवर सतत ढवळत गरम करा. काजूत पिठूळ अंश बराच असतो, त्यामुळे तीन-चार मिनिटांत ते आपोआप दाट होतं. डावाच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की उतरवा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं.

ओला काजू मात्र यासाठी घेऊ नका. त्याच्या सालीचा चीक हात भाजून काढतो, तो मिक्सरमध्ये जायला नको.

---

पाट्यावरचं (राजापूर)

काजू नसेल तर नारळ आहेच. शिरवाळ्यांबरोबरचा रस काढतो तसाच पहिला जाड रस काढायचा, पाणी अगदी बेताचं. लोकांची तक्रार असते की कॉफीत तो फुटतो. आपल्या आज्या-आया आमटीत रस घातल्यावर उकळी का येऊ देत नव्हत्या? तेच इथे. कॉफी आंबट आणि उकळती, दोन्ही एकदम रसावर पडलं की तेल वेगळं होणारच. रस कोमट करून कपात आधी घ्या, कॉफी दोन मिनिटं निवू द्या, मग बारीक धारेने रसावर ओता आणि ढवळत राहा. तरीही फुटत असेल तर रसात खायच्या सोड्याची अगदी चिमूट. जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

---

सुरंगी (मालवण)

काजूचा करून बघलंय. फुटूक नाय, तवंग पण नाय. घरातल्या लहान पोरान दोन कप प्यालान आणि इचारल्यान, ह्या कसला दूध?

खानावळीतली पावडर बंद केली आहे. सोलकढी रोज ताजा नारळ असेल तेवढीच, संपली की संपली. पाटीवर तसं लिहून लावलं.

---

पारिजात (दापोली)

काजूचं वाढताना पाहुण्यांना सांगायला विसरू नका. काजूची ॲलर्जी असणारेही असतात.

---

ओटीवरून (गुहागर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज मिळून दोन्ही करून पाहिलं. काजूचं पहिल्या खेपेला लापशीसारखं झालं, आच मोठी ठेवली होती. दुसऱ्यांदा डावावरची रेघ बघून उतरवलं, तर कॉफीचा रंग अगदी दुधाच्या कॉफीसारखा आला. नारळाच्या रसाची चव जाऊबाईंना जास्त आवडली, पण ती गूळ घातलेल्या कॉफीत. बाजारातलं म्हणून व्हीगन चिन्ह असलेल्या सोया पेयाचं एक खोकं आणून ठेवलंय. वीज गेली आणि मिक्सर चालला नाही, तर हाताशी असावं.

आज सकाळी पुण्याच्या ताईंना फोन केला. हे सगळं सांगितलं, सोलकढीच्या पावडरचंही, आणि त्यांना वाढलेली सोलकढी ताज्या नारळाची होती हेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग काजूचं प्रमाण विचारलं. मी सांगत होते आणि त्या पलीकडे लिहून घेत होत्या. "तुकडा वेंगुर्ल्याचाच हवा का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही याल तेव्हा अर्धा किलो बांधून ठेवते. मार्चच्या पहिल्या शनिवारी येतायत.

काजूगर दादा, तेवढा तुकडा पाठवाल का? गुहागरला एसटीने पार्सल येतं.

---

काजूगर (वेंगुर्ला)

पाठवतो. पत्ता निरोपात कळवा. एक किलो पाठवतो, अर्धा तुमच्या स्वयंपाकघराला.